पाचवीच्या वर्गातली रांगोळी

दिवाळीत आपलं घर सोडून परगावी राहणारा माणूस एक तर पोलीस असतो, नाही तर एस.टी.चा ड्रायव्हर. मी दोन्हीही नाही. वाईच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. आषाढात माझी बायको मालती गेली, आणि येणारी दिवाळी त्या घरात एकट्यानं कशी काढायची ते मला कळत नव्हतं. शेजारपाजारचे फराळाची ताटं घेऊन येणार, 'काही लागलं तर सांगा' म्हणणार, मी मान डोलावणार आणि ते गेल्यावर चकलीकडे बघत बसणार. हे सगळं मला आधीच दिसत होतं.

अशात शेजारच्यांकडे माझ्यासाठी कमळाकर गुरुजींचा फोन आला. फार वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात आमची ओळख झाली होती. वसई तालुक्यातल्या मिठागरांकाठच्या एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक आहेत. "सर, आमच्या गावात दिवाळीला रांगोळीचं प्रदर्शन असतं. मध्यंतरी बंद पडलं होतं, यंदा पुन्हा भरवतोय. परीक्षक म्हणून याल का? बाहेरचाच माणूस पाहिजे." 'बाहेरचाच' या शब्दावरचा जोर मला तेव्हा कळला नाही. मी पुरतं ऐकूनही न घेता हो म्हणालो.

गावाचं नाव लिहीत नाही. वर्तमानपत्रांनी ते एकदा पुरेसं छापलं आहे.

धनत्रयोदशी

वसई रोड स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं, तर त्यानं आधी आभाळाकडे पाहिलं. "फाट्यावर सोडतो, बाबा. आत नाय जात मी. संध्याकाळ होईल." ऊन अजून चांगलं रखरखत होतं. मी कुरकुर केली, पण गडी हलला नाही. फाट्यापासून पुढे बॅग खांद्याला मारून चालत निघालो.

एका हाताला मिठागरं. या दिवसांत मीठ नसतं, नुसतं पाणी असतं, बांध घालून चौकोन चौकोन आखलेलं. गेल्या हंगामातल्या मिठाचे ढीग गवतानं शाकारून ठेवले होते. दुसऱ्या हाताला कापलेला भात, आणि त्या भातातच मधे मधे चार मजली इमारती, गिलावा नसलेल्या, गच्चीवर सळया उघड्या पडलेल्या. त्यांत राहायला अजून कोणी आलं नव्हतं. वाईला कुठंही उभं राहिलं तरी चहूकडे डोंगर असतो, पाठीशी कोणीतरी आहे असं वाटतं. इथे नजर जाते ती जातेच. मला एकदम फार एकटं वाटलं आणि मालतीचा रागही आला, की बाई, आत्ता बरोबर असायला हवी होतीस, एवढं चालायला लावलं म्हणून माझ्या नावानं बोटं मोडायला.

गुरुजींच्या घरी जेवायला तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण होतं. आमच्याकडची ज्वारीची भाकरी म्हणजे कालवणात कुस्करून खायची चीज. ही मऊ, पांढरी, रुमालासारखी घडी होणारी. मी खात सुटलो आणि शेवटी लाजून नको म्हणालो. "परीक्षक उपाशी राहिले तर सगळ्यांना नापास करतील हं," असं सुमनवहिनी नवऱ्याला म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी माझ्या ताटात पडली. घर हसतं होतं. पण हात धुतो न धुतो तोच गुरुजींनी उठून दाराला कडी घातली आणि वर अडसर सरकवला. बाहेर नुकती कुठे कातरवेळ झाली होती. आमच्याकडे या वेळी दारं सताड उघडी असतात, पोरं अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडत असतात. इथे घराघरावर आकाशकंदील लागले होते आणि त्यांच्याखाली चिटपाखरू नव्हतं.

"जमिनीपायी झालं, सर," गुरुजी म्हणाले. "इमारतवाले आले, पैसा आला. काहींना विकायच्या होत्या, काहींना नाही. वरच्या आळीतला प्रमोद विक्रीला आडवा आला म्हणून त्याला नाक्यावर भोसकलं. खालच्या आळीतला एक जण त्यात आत गेलाय. खटला चालू आहे." तेव्हापासून वरची आळी खाली उतरत नव्हती आणि खालची वर चढत नव्हती. दुकानं दिवेलागणीला बंद व्हायची. गावाचं नाव ऐकून मुलींची जमत आलेली लग्नं मोडत होती. रांगोळीचं प्रदर्शन दोन्ही आळ्यांचं मिळून असायचं, बघायला पार मुंबईहून लोक यायचे. तेही थांबलं होतं.

"एवढं एक सुरू झालं ना सर, तर बाकीचं हळूहळू..." असं म्हणून ते अंथरुणं घालायला उठले.

नरकचतुर्दशी

पहाटे वहिनींनी पाटाशेजारी तेलाची वाटी आणि उटणं ठेवलं आणि त्या आत गेल्या. पाठीला तेल मालती लावायची, आणि लावता लावता वर्षभराची गाऱ्हाणी मांडायची. मला पळता यायचं नाही. आता जिथवर हात पोचला तिथवर मी लावलं आणि मधली पाठ कोरडीच राहिली.

मग तुळशीपाशी कारीट फोडायचं होतं. कारीट म्हणजे काकडीच्या जातीचं एक इवलंसं कडू फळ. ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं, म्हणजे नरकासुर मेला. आमच्या घरी ही पद्धत नव्हती. मी उत्साहानं टाच हाणली, तेलकट पाय सटकला आणि नरकासुराऐवजी परीक्षकच अंगणात आडवे झाले. कारीट शाबूत होतं. वहिनींनी पदर तोंडाला लावून मला हळद आणून दिली.

शाळेत गेलो तर बाकं व्हरांड्यात काढलेली आणि वर्गावर्गात माणसं फरशीवर पालथी पडलेली. आमच्याकडे रांगोळी हे बायकांचं काम: ठिपके, गोपद्मं, फार तर पाडव्याला मोर. इथे मिठागरात राबणारे, कंपनीत जाणारे, टेम्पो चालवणारे दणकट बाप्ये दोन बाजूंच्या विटांवर फळी टाकून तिच्यावर पोटावर झोपले होते आणि चिमटीतून रंग सोडत होते. डोक्याला फडकं बांधलेलं, घामाचा थेंब पडू नये म्हणून. पंखे बंद, खिडक्यांना कागद चिकटवलेले. खोकला आला की माणूस तोंड दाबून पळत पटांगणात जायचा आणि मनसोक्त खोकून परत यायचा. आणि त्यांच्याखाली फरशीवर चेहरे उमटत होते, हुबेहूब. एका म्हातारीच्या गालावरच्या सुरकुत्या बघून मला तिच्याशी बोलावंसं वाटलं.

भिंतीवर नियम लावलेले होते. त्यातला एक मोठ्या अक्षरांत: स्पर्धकाखेरीज दुसऱ्या कोणाचा हात लागल्यास रांगोळी बाद. पूर्वी एका बहाद्दरानं बाहेरून भाड्याचा कलाकार आणून पहिला नंबर मारला होता, तेव्हापासूनचा तो नियम.

पाचवीच्या वर्गाला मात्र आतून कडी होती. "विलास आहे आत," गुरुजी म्हणाले. "गावातला सगळ्यात चांगला हात. गणपती काढतोय म्हणाला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जो तुरुंगात आहे ना, त्याचा धाकटा भाऊ."

दुपारी फुलं आणायला आम्ही स्कूटरवरून निर्मळला गेलो. तिथे केळीच्या बागांतून गारवा अंगावर येत होता आणि सायकलींना फुलांच्या करंड्या बांधलेल्या होत्या. इनासकाकांच्या वाडीत थांबलो. दारात क्रूस, मागे शेवंतीचे ताटवे. घरातली माणसं आपसांत त्यांच्या बोलीत बोलत होती, त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं. आमच्याशी मात्र स्वच्छ मराठी. "पूर्वी आम्ही सगळे तुमच्याकडे यायचो, गुरुजी," इनासकाका फुलं मोजता मोजता म्हणाले. "आता बायको नको म्हणते. तिला तरी काय सांगू?" गुरुजींनी आग्रह केला नाही. काकांनी वर दोन ओंजळी फुलं जास्तीची घातली. येतो असं काही म्हणाले नाहीत.

परतताना आगाशीच्या बाजारात सुकेळी दिसली. पिकल्या केळ्यांची सुकवून केलेली ही गोड चीज मी पहिल्यांदाच चाखली आणि मालतीला आवडेल म्हणून पुडा बांधून घेतला. पुडा हातात आल्यावर भानावर आलो. दुकानदार सुटे पैसे पुढे करून उभा होता.

लक्ष्मीपूजन

सकाळी गुरुजी धावतच घरी आले आणि मला काही न सांगता शाळेत घेऊन गेले. पाचवीचा वर्ग उघडा होता. विलास भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा, किडकिडीत, डोळे लाल, बोटांची टोकं रंगलेली. फरशीवर गणपती नव्हता. एका तरुणाचा मोठा चेहरा होता, हसरा, कपाळावर केस आलेले.

"प्रमोद," गुरुजी एवढंच म्हणाले.

"शाळेत असल्यापासून आमी दोघं मिळून रांगोळी काढायचो, सर," विलास माझ्याकडे न बघता म्हणाला. "तो गेल्यापासून मी चिमूट हातात धरली नाय. आता धरली, तं दुसरं काय येईचना."

गुरुजींनी मला व्हरांड्यात ओढलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "सर, वरच्या आळीतल्या पोरांनी हे बघितलं तर शाळा शिल्लक ठेवणार नाहीत. मारला यांनीच आणि वर त्याचं चित्र काढून मिरवतात, असं होईल. प्रदर्शन तर गेलंच, उद्या आणखी कोणाचा जीव जायचा. तुम्ही काहीतरी चूक काढा आणि बाद करा. संध्याकाळच्या आत झाडून टाकू."

मी पुन्हा आत जाऊन चूक शोधली. जन्मभर तोच धंदा केलाय, पण एकही सापडली नाही. आणि विलासकडे बघवत नव्हतं.

"त्याच्या आईला विचारलंत का?" मी म्हटलं.

"विचारणार कोण? आमच्यातलं कोणी त्या आळीत पाय ठेवत नाही."

"मी जातो," असं मी म्हणालो आणि लगेच पस्तावलो.

वरच्या आळीत शिरलो तशी कट्ट्यावरची पोरं वळून बघायला लागली. पाठीवर त्यांची नजर घेऊन मी प्रमोदच्या आईच्या, हिराबाईंच्या, पडवीपर्यंत गेलो. त्या सूप घेऊन नवे तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगून टाकलं. विलासनं काय काढलंय, ते अजून कोणी पाहिलेलं नाही, तुम्ही नको म्हणालात तर आत्ता पुसतो. सूप काही थांबलं नाही.

"तुमी कुठचे?"

"वाईचा."

"सनाचे हितं कसे? घरची मानसं?"

"कोणी नाही. बायको आषाढात गेली."

तेव्हा सूप थांबलं. त्या आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. "पानी प्या, मास्तर." मी प्यायलो. "फोटो हाय तिचा?"

"आहे."

"माझ्याकडं पन हाय. मी भिंतीकडं तोंड करून ठेवलाय." एवढं बोलून त्यांनी पुन्हा सूप उचललं. हो नाही आणि नाहीही नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि निघून आलो.

"पुसा म्हणाल्या नाहीत," मी गुरुजींना सांगितलं.

"बघायला येते म्हणाल्या?"

"तेही नाही."

शेवटी पाचवीच्या वर्गाला कुलूप घालून बाकीचे वर्ग उघडले. नारळ फुटला, कर्ण्यावर सनई लागली. खालच्या आळीतली थोडी मंडळी आली, पटापट बघून उजेड असेतो घरी गेली. वरच्या आळीतलं कोणी फिरकलं नाही. त्या म्हातारीच्या सुरेख चेहऱ्यापुढे मी एकटाच बराच वेळ उभा होतो. विलास कुलपाच्या खाली पायरीवर बसून होता. मला वाटलं, संपलं हे. उगाच आलो.

पाडवा

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. वहिनींनी निरांजन लावलं तसा मी चहाचा कप घेऊन मागच्या दारी गेलो आणि कोंबड्या बघत उभा राहिलो. आतून गुरुजींचं काहीतरी थट्टेचं बोलणं आणि वहिनींचं हसणं ऐकू येत होतं. कोंबड्यांत मन रमेना.

दुपारी शाळेत होतो. गुरुजी झेंडूच्या माळा बांधत होते. एकदम फाटकाशी माणसं बाजूला झाली. हिराबाई दोन बायकांबरोबर आत येत होत्या. कोणाकडे बघितलं नाही, चपला पायरीशी काढल्या आणि विचारलं, "कुठं हाय?"

गुरुजींना कुलपात किल्ली घालता येईना. मी घेतली आणि दार उघडलं. विलास आमच्यामागून आत येऊन भिंतीशी उभा राहिला.

हिराबाई रांगोळीभोवती बांधलेल्या दोरीशी थांबल्या. बाहेर माणसं जमत होती, खालच्या आळीतली, आणि त्यांच्यामागे कट्ट्यावरची ती पोरंही.

"ही भिवई अशी नव्हती," हिराबाई म्हणाल्या.

दोरी उचलून त्या आत गेल्या, कडेकडेनं, आणि चेहऱ्याशी खाली बसल्या. "लहानपनी उंबऱ्यावर पडला. हितं केस उगवलेच नाय नंतर. वन होता."

"म्हाईत हाय, मावशी," विलास म्हणाला. "चांगला दिसावा म्हनून वन काढला नाय."

"चांगला नको मला. माझा पायजे."

शेजारच्या रंगांच्या वाट्यांपैकी एका वाटीत त्यांनी हात घातला, अंगाच्या रंगाची चिमूट घेतली आणि भुवईवर आडवी ओढली. थोडी पूड पापणीवर सांडली. इतका बिनचूक चेहरा, तो जरा बिघडला, आणि बिघडल्याबरोबर तो कोणाचा तरी मुलगा दिसायला लागला. हिराबाई तिथेच बसून रडल्या, मोकळ्या आवाजात. विलास जाऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खरं सांगायचं तर ते प्रमोदसाठी नव्हतं.

दाराशी प्रदर्शनाच्या समितीतला कोणीतरी पुटपुटला, "दुसऱ्याचा हात लागला की."

सगळे माझ्याकडे वळले. कालपासून ज्या रांगोळीत मला खोट सापडत नव्हती, तिच्यात आज नियमाला धरून सापडली होती. मी घसा साफ केला आणि मास्तरकीच्या आवाजात म्हणालो, "बाद."

विलास हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

"माझ्यापायी बाद झाला का?" हिराबाईंनी मला विचारलं.

"हो. नियम आहे."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विलासकडे वळल्या. त्या घरातलं माणूस या घरातल्या माणसाकडे बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलत होतं. "पुढल्या वर्षी काढशील तं आधी मला विचारायचं. मी बसेन बाजूला."

गुरुजी चष्मा पुसायला व्हरांड्यात गेले ते लवकर आलेच नाहीत.

गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. खटला चालूच आहे आणि इमारतीही चढताहेत. पण त्या संध्याकाळी वरच्या आळीतल्या बायका पोरांना घेऊन आल्या. कट्ट्यावरची पोरं हात मागे बांधून, तोंड वाकडं करून एकेका वर्गात शिरली आणि मग आपसांत कोणाची रांगोळी सरस यावर वाद घालू लागली. अंधार पडला तरी नाक्यावरच्या दुकानाची फळी उघडी होती, कारण सोडा मागणारं गिऱ्हाईक संपत नव्हतं. आणि दिवे लागल्यावर फाटकाशी एक स्कूटर थांबली. इनासकाका होते. मागे बसलेल्या बाईंनी साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि विचारलं, "सुरुवात कुठून आहे?"

वाई

घराचं कुलूप उघडलं तेव्हा आत तोच बंद खोलीचा वास होता. शेजारचे ठेवून गेलेले फराळाचे डबे दारात होते. सुकेळीचा पुडा मी फडताळात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मालतीचा फोटो समोर ठेवून कोळशानं तिचा चेहरा काढायला बसलो. इतकी वर्षं चित्रकला शिकवली आणि तिला कधी समोर बसवलं नाही. फोटो स्टुडिओतला, हात फिरवून गुळगुळीत केलेला. चित्र सुरेख आलं. फोटोबरहुकूम आलं. पण मालती काही आली नाही. काय राहिलंय ते मला कळेना, आणि घरात विचारायला कोणी नव्हतं.

तिची धाकटी बहीण कुसुम कराडला असते. तेराव्यानंतर मी तिला टाळत होतो. भेटलो की दोघंही रडणार, म्हणून. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन तिला फोन लावला. म्हटलं, "मालतीचं चित्र काढलंय. काहीतरी चुकलंय."



"डाव्या नाकपुडीशी कांजिण्यांचा वण होता ताईच्या," ती म्हणाली. "तो काढलात का, भावोजी?"

"नाही."

"मग काही पुसू नका. मी येते."